शेवटचा फुगा आणि अंगणातले काजू

नेसरीच्या बाहेर आमची गाडी उभी होती आणि गाडीत एकच फुगा शिल्लक होता.

मुलांनो, हा वाढदिवसाचा फुगा नव्हे. याला एक डबी बांधतात. वादळी ढग कोसळण्याआधी तो सोडला, तर वर जाताजाता ती तापमान, दमटपणा आणि वारा यांच्या नोंदी खाली पाठवते. निवृत्तीनंतरही एका हवामान प्रोजेक्टसाठी मी हे काम करते. यंदाचे बाकीचे फुगे गारा पडून गेल्यावर, नाहीतर भलत्याच गावात उडाले होते. या फुग्याची परवानगी दुपारी तीनपर्यंतच होती. दुसऱ्या दिवशी गाडी परत जाणार होती.

सकाळी सातच्या अंदाजात गारांचं गाव चंदगड होतं. बाराच्या अंदाजात गारगोटी. दोन्ही आमच्यापासून वेगवेगळ्या दिशांना.

ऑफिसातून साहेबांचा फोन आला. "मॅडम, नवं मॉडेल गारगोटी दाखवतंय. निघा."

आमचा ड्रायव्हर बसाप्पा. त्याने खात्रीसाठी गारगोटीच्या मेव्हण्याला फोन लावला. "पाऊस हाय का रं?"

"लई हाय की, दाजी. या, जेवायलाच या."

आम्ही निघालो. मला ते जेवण खटकत होतं. थोडं पुढे गेल्यावर मीच मेव्हण्याला फोन केला. "पावणं, दारातली मोटरसायकल आत घेतली का?"

"न्हाय की. कशाला?"

"आणि कपडे?"

"वाळत हायत."

मी गाडी थांबवायला सांगितली. बसाप्पा ओशाळला. "मॅडम, त्याला मला बोलवायला निमित्तच लागतंय."

चूक माझी होती. आपल्याकडे पावसाचं विचारलं की माणसं वाढवून सांगतात. म्हणून मी पाऊस कधी विचारत नाही, वस्तू कुठे आहेत ते विचारते. त्या दिवशी घाईत बसाप्पाला ते सांगायला विसरले.

चंदगडला माझ्या ओळखीची गंगाक्का अंगणात काजू वाळवते. तिला फोन लावला. "अक्का, काजू कुठं आहेत?"

"आत्ताच आत घेतलं की. थेंब न्हाय अजून, पर वारं फिरलंय. डोंगरावर ढग उभा ऱ्हायलाय."

मी साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "चुकलं तर सगळा मोसम वाया जाईल."

"गारगोटीला चुकलं तरी जाईलच. निर्णय माझ्या नावावर लिहा."

दोनच्या सुमारास चंदगड गाठलं. फुग्यात गॅस भरायला अर्धा तास गेला. वारा इतका, की बसाप्पा आणि गंगाक्का दोघं त्याला धरून उभे होते. पावणेतीनला सोडला. साडेतीनला गारा सुरू झाल्या. गाडीचा पत्रा ठिकठिकाणी चेपला, पण नोंदी पूर्ण आल्या.

संध्याकाळी गारगोटीतही गारा पडल्या. म्हणजे मॉडेलने गाव बरोबर सांगितलं होतं, वेळ चुकली होती. साहेबांनी हे मला दोनदा ऐकवलं.

मी एवढंच शिकले, की प्रश्न असा विचारावा ज्याचं उत्तर फुगवता येत नाही. म्हणून फोनवर मी तुम्हाला "जेवलात का" असं विचारत नाही. "काय जेवलात" असं विचारते.