रशीदचा आवाज शोधताना

अख्ख्या वर्गाने एका सुरात म्हटलेली कविता अजून माझ्या कानात आहे, मित्रहो. पहिली ओळ नेहमी रशीद उचलायचा.

वरूडची वाळलेली संत्र्याची बाग त्याने तोडली, त्या उन्हाळ्यात तो आमच्याकडे अमरावतीला आला होता. तेव्हा मी त्याला संगणकासमोर बसवून ती कविता म्हणवून घेतली आणि रेकॉर्ड केली. गेल्या महिन्यात रशीद वारला. त्याचा तेवढाच आवाज उरला होता, आणि नेमकी तीच फाईल संगणकातून उडाली.

आज दुपारी मुलाने खटपट करून ती परत आणली. "बाबा, अर्धीच निघाली."

लावली, तर माझाच आवाज! आमचं बालपण, संत्र्याच्या फुलांचा वास... मी रशीदची ओळख करून देत सुटलोय. मधेच तो म्हणतो, "लेका, मले म्हणू देशीन का तूच बोलत राहशीन?" मी हसतो आणि पुन्हा बोलू लागतो. शेवटी रशीद घसा खाकरतो. तिथेच फाईल संपते.

"तुमचं भाषण मात्र एक शब्द न गळता निघालं," मुलगा म्हणाला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात रशीदची बायको उभी. फाईल सापडतेय असं माझ्या सुनेने तिला काल फोनवर सांगितलं होतं. बाई एकटीच एसटीने आली होती.

"भाईसाब, ह्यायचा आवाज सापडला म्हणे. ऐकवा ना मले."