न झटकलेले टॉवेल

समुद्रात शिरण्यापूर्वी मी माझे दात टॉवेलात गुंडाळून ठेवले. हे वाचून ज्यांना हसू आलं, त्यांचे स्वतःचे दात अजून शाबूत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कवळीचं आणि लाटेचं जमत नाही हे दातांच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. बायकोने तर निघतानाच सांगितलं होतं, "तुम्ही बुडालात तर शोधायला माणसं धावतील. कवळी बुडाली तर कोणी धावणार नाही." म्हणून मी दोन्ही बाजूंना बघून, शिंक आल्यासारखं करून, वरचे दात काढले, टॉवेलात नीट गुंडाळले आणि टॉवेल आरामखुर्चीवर ठेवून पाण्यात गेलो.

आता त्या आरामखुर्चीबद्दल सांगायला हवं. ऐन सुट्टीच्या दिवसांत त्या रिसॉर्टवर आरामखुर्ची मिळणं म्हणजे विमानात खिडकीजवळची जागा, आणि तीही फुकटात. लोक उजाडायच्या आत येऊन खुर्चीवर टॉवेल टाकून जायचे आणि परत जाऊन झोपायचे. त्यावर उपाय म्हणून रिसॉर्टने नियम काढला होता: खुर्चीवर माणूस नसेल तर टॉवेल उचलला जाईल आणि धुण्यात टाकला जाईल. तशी मोठ्या अक्षरांतली पाटी होती. मी ती वाचली होती. सकाळी त्याच नियमामुळे मला ती खुर्ची मिळाली होती आणि "वा, ह्याला म्हणतात शिस्त!" असं मी मोठ्यांदा म्हणालोही होतो.

पाण्यातून बाहेर आलो तर माझ्या खुर्चीवर एक अनोळखी कुटुंब आणि त्यांची रबराची फुगवलेली मगर. मगरीला सगळे दात होते.

पुढचं काम बायकोने केलं. रिसेप्शनवर नेहमीप्रमाणे रांग होती. एक गृहस्थ त्यांच्या खोलीतून समुद्र फक्त न्हाणीघरातल्या स्टुलावर उभं राहिल्यावर दिसतो अशी तक्रार करत होते. त्यांना बाजूला सारून बायको म्हणाली, "आमच्या ह्यांचे दात तुमच्याकडे आहेत." सगळी रांग माझ्या तोंडाकडे वळली. मी ओठ मिटून घेतले. रिसॉर्टचा मालक त्या दिवसांत तिथेच मुक्कामाला होता, त्यामुळे मॅनेजर, एरवी हसतमुख असलेला पोरगेला माणूस, पांढरा पडला. तो आम्हाला घेऊन थेट मागच्या बाजूला लॉन्ड्रीत निघाला.

आणि तिथे झटकेकाका हातावर एक लोकरी कोट घेऊन दाराबाहेर पडत होते.

काकांना हे नाव कोणी दिलं, कोणालाच आठवत नाही. पण का दिलं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. समुद्रावरचा टॉवेल म्हणजे अर्धा टॉवेल आणि अर्धी वाळू. ती वाळू मशिनीत गेली की मशीन खंगत जाते, खोकते आणि एक दिवस बसते. म्हणून आलेला प्रत्येक टॉवेल मागच्या मोरीवर उभं राहून दोन्ही हातांनी झटकायचा, मगच मशिनीत टाकायचा, हा काकांचा नेम होता. झटकताना त्यातून काय काय पडायचं! चष्मे, खोल्यांच्या किल्ल्या, कानातली, अर्धवट खाल्लेली बिस्किटं. एकदा एक जिवंत खेकडा पडला होता आणि तो मोरीतून जाता जाता काकांनाच चावून गेला होता. सापडलेल्या वस्तू काका पुसून, कागदात बांधून ठेवायचे. कुरियरची गाडी रोज लॉन्ड्रीच्या दाराशी यायची, ती पार्सलं घेऊन जायची आणि लोकांना आपल्या हरवलेल्या वस्तू घरपोच मिळायच्या. त्या कोणी पाठवल्या, हे मात्र कोणाला कळायचं नाही.

"ह्या माणसाच्या हातून सुटलेली एक गोष्ट दाखवा," असं तिथली इस्त्रीवाली ताई म्हणायची. पुढचं सगळं मला कळलं ते तिच्याकडूनच. ती इस्त्री करता करता बोलते आणि तिची इस्त्री कधी थंड होत नाही.

आता काकांचं दुखणं असं की, लोकांना सुट्टी लागली की काकांची सुट्टी बंद. त्यांची मुलगी जन्मली तीच मुळी अशा ऐन गर्दीच्या दिवसांत. पोरगी झाल्याचा निरोप आला तेव्हा काका चादरी पिळत होते. "पिळून झाल्यावर रडले," ताई म्हणाली. ती जन्मली सुट्टीत, म्हणून तिचे वाढदिवसही सुट्टीत. एकाही वाढदिवसाला बाप घरी नाही. शाळांना सुट्टी, तेव्हा पोरगी घरी आणि बाप इथे. शाळा सुरू झाली की बाप घरी आणि पोरगी शाळेत. लग्नही जावयाच्या रजेच्या सोयीने ह्याच दिवसांत झालं. काका पोहोचले तेव्हा मांडवातल्या खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. त्यांनीही दोन चढवल्या म्हणे. रिकाम्या हाताने उभं राहायची सवय नाही.

ती मुलगी आता नवऱ्यामागे परदेशी चालली होती. परत कधी येणार ते तिलाही माहीत नव्हतं. विमानतळाला जाणारी बस रिसॉर्टसमोरच्या थांब्यावर चहापाण्यासाठी थोडा वेळ उभी राहते, आणि त्याच बसने ती जाणार होती. तिकडे थंडी फार, म्हणून तिने जुन्या बाजारातून एक लोकरी कोट घेतला होता आणि धुवायला बापाकडे पाठवला होता. चार दिवस तो कोट लॉन्ड्रीत खिळ्याला टांगलेला. काका येता-जाता त्याची कॉलर सरळ करायचे.

"काका, एवढी कॉलर तर नवरदेवाचीपण कोणी बघत नाही," ताई म्हणायची.

"तू तुझी उशी बघ. अभ्रा उलटा घातलायस."

मॅनेजरकडे त्यांनी रजा मागितली नव्हती. अर्धा तास मागितला होता. मॅनेजर म्हणाला होता, "ढीग संपला तर जा." म्हणून त्या दिवशी सकाळपासून काका पिसाटासारखे काम करत होते. टॉवेल येतच होते. एक गाडा रिकामा केला की दोन भरून यायचे. समुद्र पाण्याऐवजी टॉवेलच बाहेर टाकत असल्यासारखे. दुपार कलायला लागली, बसची वेळ जवळ आली, आणि शेवटचा गाडा समोर उभा. काकांनी त्या गाड्याकडे बघितलं, मोरीकडे बघितलं, कोटाकडे बघितलं. आणि तो अख्खा गाडा, न झटकता, मशिनीत उपडा केला. दार लावलं, बटण दाबलं, हात पुसले, केसांवरून पाणी फिरवलं आणि कोट खाली घेतला.

त्यांच्या उभ्या आयुष्यातला तो एकच न झटकलेला गाडा. आणि त्यात माझे दात होते.

मॅनेजर दारातच म्हणाला, "काका, साहेबांचे दात टॉवेलात राहिलेत. झटकताना सापडले?"

काकांनी कोट दुसऱ्या हातावर घेतला.

"झटकलेत ना?"

"सगळे झटकले." काकांनी मशिनीकडे बघितलं. "शेवटचा गाडा नाही."

"का नाही?"

ह्यावर काकांनी फक्त हातातला कोट जरा वर धरला. मॅनेजरला त्यातून काही कळलं नाही. मलाही नाही. बायकोला कळलं असावं, कारण ती पहिल्यांदाच गप्प झाली.

मशीन सुरू झाली होती. त्या मशिनीचं दार एकदा लागलं की धुणं संपून पाणी निथळेपर्यंत उघडत नाही. आत गोल काचेमागे पांढरे टॉवेल गरगरत होते, आणि मधूनच, लक्ष देऊन ऐकलं तर, 'टक्' असा आवाज यायचा. माझे दात मला आतून हाका मारत होते.

"मध्येच बंद करू या?" काकांनी विचारलं.

"आणि मागच्या वेळेसारखं सगळं पाणी बाहेर आलं तर? मालक इथे आहेत काका, इथे! होऊ दे पुरं."

"मग मी एवढं जाऊन येतो. समोरच. बस येईलच आता."

"तुम्ही भरलंय, तुम्हीच काढायचं, ह्यांच्या देखत. उद्या तुटले-फुटले म्हणाले तर मी कोणाला उभं करू?"

"मी काढते की!" ताई म्हणाली. "दात काढायला काय, काकाच लागतात? डॉक्टर आहेत का ते?"

"तुम्ही रात्रीच्या जेवणाचे टेबलक्लॉथ बघा. अजून एकही झालेला नाही." मग मॅनेजर काकांकडे वळला. आवाज खाली आणला. तो माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस वाईटाच्या वरताण वागतो. "काका, आत्ता गेलात तर उद्या येऊ नका. मला दुसरा इलाज नाही."

काका परत आत आले. कोट खिळ्याला लावला आणि मशिनीसमोर एक बादली उपडी घालून तिच्यावर बसले.

'राहू देत ते दात, जाऊ द्या ह्यांना' हे म्हणायला दात लागत नाहीत. पण माझं डोकं तेव्हा रात्रीच्या जेवणात होतं.

फोन वाजला. काकांनी ओल्या हातानेच घेतला.

"बाबा, बस थांबली. कुठेयस? मी खाली उतरून उभी आहे."

"आलो, आलो. निघालोच."

"कोट घे हं आठवणीने."

"हातातच आहे."

कोट खिळ्यावर होता. काका फोन बादलीवर टाकून उठले आणि मशिनीच्या दाराची मूठ दोन्ही हातांनी ओढायला लागले. दार हललं नाही. त्यांनी पाय भिंतीला लावून ओढलं. मग काचेला कपाळ टेकवून हळू आवाजात म्हणाले, "बये, सोड ना. एवढी वर्षं तुला वाळूचा कण खाऊ दिला नाही. आज एकदा सोड." मशीन गरगरत राहिली. ताईने इस्त्री उभी करून ठेवली आणि पदराने नाक पुसलं. फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी काकांनी घेतला नाही. तो वाजत वाजत बादलीवरून सरकला आणि खाली पडून गप्प झाला.

आणि तेवढ्यात मला एक उदात्त कल्पना सुचली. तोंडात दात नसले की माणसाला फार उदात्त कल्पना सुचतात, बोलून दाखवता येत नाहीत एवढंच. मी खुणेने आणि थोडं बोबड्याने सांगितलं, "द्या तो कोट. मी पोहोचवतो."

काकांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला कृतज्ञतेची वाटली. ते उठले, कोट खिळ्यावरून काढला, वरचं बटण लावलं, ते काढून पुन्हा लावलं, कॉलर सरळ केली आणि माझ्या हातात देऊन पुन्हा बादलीवर बसले.

मी धावलो. ओली अर्धी चड्डी, उघडं अंग, अनवाणी पाय आणि हातात बर्फाळ देशातला लोकरी कोट, असा एक गृहस्थ भर उन्हात रस्ता ओलांडताना ज्यांनी पाहिला, त्यांनी सुट्टी संपल्यावर घरी जाऊन निश्चित सांगितलं असणार. बसच्या पायरीवर एक मुलगी उभी होती. तिने आधी कोट ओळखला. मग माझ्या मागे बघितलं. माझ्या मागे कोणी नव्हतं.

"बाबा?"

मी तोंडावर हात धरून म्हणालो, "कामात आहेत."

"हो," ती म्हणाली. "असतीलच."

तिने कोट घेतला आणि नाकाशी धरला. "सुट्ट्या संपल्यावर घरी यायचा ना, तेव्हा अस्साच वास यायचा त्याला. मी आईला म्हणायची, बाबाला धुऊन पाठवलाय." ती हसली आणि लगेच फाटकाकडे बघायला लागली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. दुसऱ्यांदा दिला. "काका, त्याला सांगा..." एवढं म्हणून तिने कोटाची कॉलर सरळ केली. "काही नाही. वेळेवर जेवत जा म्हणावं." दार लागलं. बस वळणापर्यंत दिसत होती आणि मागच्या काचेतून ती अजून फाटकाकडेच बघत होती.

मी लॉन्ड्रीत परतलो तेव्हा मशिनीचं दार उघडं होतं. माझे दात एका घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेवलेले, बसवले त्या दिवशीही नव्हते इतके पांढरे. मॅनेजर सुटल्यासारखा हसला आणि रिसेप्शनकडे पळाला. काका मागच्या मोरीवर होते. नवा गाडा आला होता. ते एकेक टॉवेल उचलत होते आणि झटकत होते. एकदा, दोनदा, तीनदा. वाळू केव्हाच पडून गेली तरी झटकत होते.

मी दात लावले. तोंड भरल्याबरोबर जीभ मोकळी झाली. मी त्यांच्याजवळ गेलो आणि चांगलं काम केलेल्या माणसाच्या आवाजात सांगितलं, "काका, अगदी वेळेवर पोहोचलो. कोट तिच्या हातात दिला. बस सुटायच्या आत! वेळेवर जेवत जा म्हणाली. आता काही काळजी करू नका."

काकांनी हातातला टॉवेल झटकला, घडी न घालताच गाड्यात टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"कोटच पोहोचवायचा असता साहेब, तर कुरियरने नसता पाठवला?"