अकोला आल्याशिवाय नळ बंद करायचा नाही

शैलाताई तायडे गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी एका लग्नाच्या मांडवात माईक तपासत होतो. ‘हॅलो, हॅलो’ म्हणता म्हणता थांबलो आणि भोंगा बंद केला.

हिवरखेडजवळच्या आमच्या गावात ताई गुरांच्या डॉक्टर. गावातल्या कुत्र्यांना त्या लस टोचायच्या, पण कुत्रं चावलेला माणूस त्यांचं ऐकून दवाखान्यात जात नसे. तो आधी पुंजाजी भगताच्या ओट्यावर जायचा. पुंजाजी मंत्र टाकायचे, जखमेत तिखट भरायचे आणि माणूस निर्धास्त घरी. माझा मावसभाऊ असाच निर्धास्त घरी गेला आणि पुढे रेबीजनं, पाण्याला भिऊन मेला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टरसाहेब पुंजाजींवर पोलीस धाडायला निघाले. ताई म्हणाल्या, “धाडा. लोक मंग दुसऱ्या गावचा भगत धुंडतील.”

आणि मला घेऊन त्या ओट्यावर गेल्या. मी मांडववाला, शिवाय हौशी नट. नाटकात मरायलाच अर्धा तास घेणारा.

“पुंजाजीबुवा, तिखट बंद. मंतर सरेपर्यंत जखम नळाखाली साबणानं धुवाची, पाव तास. मंग दवाखान्यात, सुई घ्याले.”

“माहा मंतर त तंबाखू मळेपर्यंत सरते, ताई.”

“म्हणून त याले आणलं. हा लांबवते.”

लांबवला. नद्या घातल्या, पिकं घातली, तरी पुरेना. मग चांदूर रेल्वेपासून अकोल्यापर्यंतची स्टेशनं घातली. शेवटची ओळ मात्र ताईंची : अर्धा मंत्र ओट्यावर, अर्धा सुईत. सुई घेतल्याशिवाय मंत्र पुरा होत नाही, हे पुंजाजींना इतकं पटलं की ते स्वतः माणसाला दवाखान्यात पोचवू लागले. डॉक्टरसाहेब भडकले, “ताई, तुम्ही शिकलेल्या, आणि मंत्र?”

“मंतर त्यायचा. साबण तुमी द्या.”

कुरकुरत दिला.

शोकसभेत एक पाहुणे म्हणाले, ताईंच्या नावाला हे शोभत नाही, ओट्यावरचा नळ काढून टाका. मी त्यांच्या हातातला माईक काढून घेतला. माईक माझाच होता. म्हटलं, “काढून दाखवा.” माझ्या शेजारी पुंजाजी उभे राहिले. आणि मागून डॉक्टरसाहेब.

परवा ओट्यावर गेलो. नळाला ताईंनी बांधलेली नायलॉनची जाळी तीच. आत साबण नवा, दवाखान्यातला. एक बाई कुत्रं चावलेला पाय धुवत होती. कंटाळून तिनं नळाकडे हात नेला, तशी पुंजाजींनी डोळे उघडले.

“काहून वं घाई? आता कुठं मूर्तिजापूर आलं.”

तिनं पुन्हा साबण घेतला.