गयाबाईंची कात्री

गयाबाई गेल्याचं त्यांच्या सुनेनं, रेखानं, फोनवर सांगितलं. "साहेबाले सांगजो म्हनल्या होत्या." निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या घरात मी अजून साहेबच...

कापसाचे ते वाईट दिवस. मी आरोग्य खात्यात होतो आणि आर्णीकडच्या गावांतल्या दायांच्या प्रशिक्षणाचा आराखडा माझ्याकडे होता. दायांनी पुढे बाळंतपणं करायची, दवाखान्यात बाईसोबत थांबायचं, की घरी बसायचं, हे त्यावर ठरणार होतं. गयाबाई आमच्या पहिल्या वर्गातल्या. कात्री उकळल्याशिवाय त्या नाळेला हात लावत नसत.

पुढचा वर्ग मी ऐन कापूसवेचणीत ठेवला. गयाबाई कार्यालयात आल्या. "साहेब, कापूस झाडावर पाह्यला का कधी? का गादीतलाच मालूम हाय?" आम्ही हसलो. मग म्हणाल्या, "आता एकही बाई येनार नाही. वेचनीवरच चूल पेटून राह्यली. उन्हाळ्यात घ्या, साऱ्या जनीले मी आनतो." तारीख बदलायला वरची मंजुरी पुन्हा आणावी लागली असती. मी बदलली नाही.

तीस जणींच्या वर्गाला चार आल्या. अहवालात मी लिहिलं, 'दायांना प्रशिक्षणात रस नाही.' खरं कारण मला माहीत होतं. त्या अहवालावरून वर्ग बंद झाले, दायांनी बाळंतपणाला हात लावू नये असा आदेश आला, आणि गयाबाईंना तो मीच जाऊन सांगितला.

त्या पावसाळ्यात गयाबाईंच्या शेजारची सुनीता बाळंत झाली. मूल जगलं, पण रक्त थांबेना. दवाखान्याची गाडी नाल्यापलीकडे अडकलेली. गयाबाई दारात उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. सुनीता गेली. गावानं बोल गयाबाईंनाच लावला. त्या मला एवढंच म्हणाल्या, "पोट चोळून रक्त थांबवाचं तुमच्याच वर्गात शिकलो, साहेब. अन हात लावू नको, हे बी तुम्हीच सांगतलं."

तेव्हाही मी तो अहवाल दुरुस्त केला नाही. आज लिहितो : दायांना रस होता. वर्ग मी चुकीच्या वेळी ठेवला आणि अहवालात खोटं लिहिलं.

गयाबाईंच्या जलदानाच्या, मृत्यूनंतरच्या विधीच्या, कार्यक्रमाला गेलो होतो. रेखानं फळीवरून आमच्या वर्गात मिळालेली दाईची पेटी काढली, आत ती कात्री होती. सुनीतानंतर गयाबाईंनी एकही बाळंतपण केलं नाही, तरी दर शनिवारी कात्री उकळायच्या, म्हणाली. "आता हे हापिसात जमा कराची का, साहेब?"

मी कात्री हातात घेतली. गंजाचा एक ठिपकाही नव्हता.