मागाजवळचं कुत्रं
सुताला लावायच्या खळीचा वास आला की इंग्रजांच्या वेळचा आमचा शहापूरचा हातमाग आठवतो. त्याच्या खडखडाटात घरची माणसं नजरेनंच बोलायची. एकदा कॅम्पातल्या शाळेत जाणाऱ्या माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, आमच्या कुत्र्याची अक्कल बघायची म्हणून त्याला बाहेर काढलं आणि दोन पालथ्या वाट्यांपैकी एकीखाली आईदेखत भाकरीचा तुकडा लपवला. कुत्रं आत आलं, वाट्या हुंगल्याच नाहीत, माग चालवणाऱ्या आईकडं बघितलं आणि नेमकी भाकरीचीच वाटी उलटवली. जागा बदलली, तरी तसंच. “आई, तू सांगितलंस व्हय?” “मी कुठं तोंड उघडलं रं?” मग अण्णानं आईला डोळे मिटायला लावले. कुत्रं तिच्या तोंडाकडं बघत नुसतं उभं राहिलं. आमची भाषा ते दारात बसून कधी शिकलं, कुणालाच कळलं नव्हतं. अजून कुठल्याही कुत्र्यासमोर मी नजर जपूनच उचलते.