दादाने सोडलेली हातभर वायर

आज दुपारी आमच्या मालाडच्या ऑफिसात माझ्या सख्ख्या भावाला बघून डोळ्यांत पाणी आलं, म्हणून हे लिहितेय.

दादा सतरा वर्षं आर्मीत होता. डोंगरात फोनच्या लाईनी टाकायचा. रिटायर झाल्यापासून मुलाखती देतोय, पण आर्मीच्या गोष्टी ऐकून पुढे कोणी बोलवत नव्हतं. शेवटी आमच्या ऑफिसात नेटवर्कच्या वायरी टाकणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने एका दिवसाची ट्रायल दिली. काल मीच त्याला बजावलं, "तिकडचं काही काढू नको हां. इथे नाही चालत."

"बरं," म्हणाला. आणि आज प्रत्येक टेबलाखाली हातभर जास्त वायर सोडून, गुंडाळून, नीट बांधून ठेवली.

कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर वैतागला. "भाऊ, वायर फुकट येते का?"

"साहेब, आमची लाईन तुटायचीच. कधी बर्फाने, कधी गाडीखाली येऊन. जोडायला हातभर जास्त नको?"

म्हटलं, लागली वाट.

तासाभराने आमच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, सगळी टेबलं जरा खिडकीकडे घ्या. सुपरवायझरचा चेहरा पडला. दादाने एकेक गुंडाळी सोडली. सगळ्या वायरी पोचल्या.

"सोमवारपासून या," सुपरवायझर हळूच म्हणाला.

घरी येताना रिक्षात मी सॉरी म्हटलं, तर हसतो कसा. "अगं, तोंड बंद ठेवलंही असतं. हात ऐकत नाहीत."

तुमच्या घरी कोणाला असं गप्प केलंय का? मी केलं होतं.