ताईंच्या हाताचा भरवसा

ताईंच्या पाळणाघरात अकरा मुलं होती आणि अकरा मुलांच्या आईबापांना एकच वाक्य पाठ होतं, "ताप नाही हो, जरा कणकण आहे." ऐकून ऐकून ताईंचे कान किटले होते. अहो, कणकण म्हणजे काय वेगळं असतं? सकाळी साडेसातला पोराच्या घशात तापाचं औषध ओतायचं, साडेआठला गार झालेलं कपाळ दारात आणून उभं करायचं आणि दुपारी औषध उतरून पोर फणफणलं की फोन उचलायचा नाही. हा यांचा शिरस्ता. मग एकाचं झालं की दुसऱ्याचं सुरू.

एरवी ताईंनी हे सहन केलं असतं. पंधरा वर्षं केलंच होतं. पण यंदा आतल्या खोलीत त्यांचे बाबा होते. दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनियातून कसेबसे उठले होते. डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट बजावलं होतं, "तुमच्या पोरांना येतो तो साधा ताप यांच्यासाठी साधा नाही. छाती आता दुसरा धक्का सोसणार नाही."

पाळणाघर बंद करावं तर घर चालायचं कशावर? म्हणून ताईंनी घराचे दोन भाग केले. बाहेरची खोली मुलांची, आतली बाबांची, मधलं दार कायम बंद. प्रत्येक मुलाचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा. आल्याबरोबर साबणाने हात धुवायचे, शिंक आली तर कोपरात शिंकायचं. बाबांचं ताट ताई दाराशी स्टुलावर ठेवत आणि हवं नको तेही दारातूनच विचारत.

बाबा म्हणजे बसचे जुने कंडक्टर. जन्म माणसांच्या गर्दीत गेलेला. त्यांना हे कसं मानवणार? "पोरांचा नुसता आवाज येतो, पोरं दिसत नाहीत," ते कुरकुरायचे. ताई म्हणायच्या, "आधी धडधाकट व्हा, मग बघा पोरं." बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटायचं. पण थांबून समजूत काढायला वेळ कुणाला होता?

दारातली तपासणी ताई हातानेच करत. थर्मामीटर होता, पण त्याचा सेल संपून वर्ष झालं होतं आणि नवा घालायचं कधी मनावर घेतलंच नव्हतं. उजवा हात कपाळाला लागला की ताईंना ताप कळायचा. बँकेत काम करणाऱ्या एका आईने एकदा घरी जाऊन मोजून पाहिलं तर ताईंचं बरोबर निघालं. तेव्हापासून तर विचारूच नका. मी मी म्हणणाऱ्या आया त्या हातापुढे गप्प बसत.

ही बँकवाली म्हणजे चिमणीची आई. सोमवारी तिने चिमणीला आणलं तेव्हा कपाळ गार होतं, पण फ्रॉकच्या गळ्यावर नारिंगी डाग होता.

"औषध दिलंय का हिला?" ताईंनी विचारलं.

"छे हो."

"आईने दिलंय," चिमणी म्हणाली. "आणि ताईंना सांगू नको म्हणाली."

बँकवालीचा चेहरा उतरला. "ताई, मला रजा नाही हो. खरंच नाही."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मनसोक्त रागावताही येईना. बाई खोटं बोलली होती, तरी रजा नव्हती हे खरं होतं. "घरी न्या," ताई म्हणाल्या. "पाणी घोट घोट पाजत राहा. औषधाशिवाय ताप नसलेला अख्खा दिवस गेला की आणा." बँकवाली पाय आपटत गेली. पण चिमणीला परत पाठवून उपयोग काय? दोन दिवसांत आणखी चार जणांना ताप आला.

बुधवारी ताईंचं अंग ठणकायला लागलं. दमणूक असेल म्हणून त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. गुरुवारी थंडी वाजली, तेव्हा स्वेटर चढवला आणि दारात उभ्या राहिल्या. अकरा कपाळं तपासणाऱ्या बाईला बारावं आठवलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! त्या दिवशी आलेली सगळी मुलं हाताला गार लागली. साथ सरली बाई एकदाची, असं ताईंना वाटलं.

दुपारी बाबांचं ताट जसंच्या तसं परत आलं. स्वतःचाच नियम मोडून ताई आत गेल्या आणि बाबांच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"ताप तर नाही. मग जेवत का नाही तुम्ही?"

"भूक नाही गं."

"आता तुमचीही नाटकं सुरू झाली का? मी एकटीने किती ठिकाणी पुरायचं?"

शुक्रवारी सकाळीही तसंच झालं. ताट परत, कपाळ गार आणि ताईंची चिडचिड.

त्या दिवशी चिमणी बरी होऊन आली होती. मुलं "ताई-ताई" खेळत होती. एकाने दारात उभं राहायचं आणि बाकीच्यांची कपाळं बघायची. चिमणीची पाळी आली तेव्हा तिने खऱ्या ताईंच्याच कपाळाला हात लावला.

"ताई, तुम्ही गरम आहात. घरी जा."

मुलं खिदळली. ताईंनी स्वतःचं कपाळ चाचपलं. काहीच वेगळं लागलं नाही. हात तापलेला, कपाळही तापलेलं. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तापल्या हाताला दुसऱ्याचं कपाळ गारच लागणार.

शेजारीण थर्मामीटर घेऊन धावत आली. ताईंना एकशे दोन होता. बाबांनाही एकशे दोनच.

डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. छाती अजून साफ होती. पाणी, पातळ सूप, तापाची गोळी, आणि सहा तासांच्या आत दुसरी गोळी नाही. "श्वास मोजत राहा," ते म्हणाले. "मिनिटाला पंचवीसच्या वर गेले की लगेच हॉस्पिटल. वाट बघत बसू नका."

ताईंनी सगळ्यांना फोन करून मुलं न्यायला बोलावलं. बँकवालीने विचारलं, "सोमवारी तरी उघडाल ना?" ताईंनी नाही म्हणून फोन ठेवला.

चारच्या सुमारास बाहेरची खोली रिकामी झाली. मधलं दार आता सताड उघडं होतं, बंद ठेवून करायचं काय? ताई घड्याळ घेऊन बाबांच्या उशाशी बसल्या. सोळा, सतरा, अठरा.

"किती झाले?" बाबांनी विचारलं.

"बोलू नका ना. चुकलं बघा." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"मला कालच कळलं होतं, अंगात ताप आहे म्हणून," बाबा म्हणाले.

ताईंनी घड्याळ खाली ठेवलं. "मग सांगितलं का नाही? तोंड शिवलं होतं का? काय म्हणावं तुम्हाला, बाबा?"

"सांगितलं असतं तर पोरांचा ताप मला लागला म्हणून घाबरून पुन्हा दारातूनच बोलली असतीस," बाबा म्हणाले. "दोन महिन्यांनी आत आलीस, कपाळाला हात लावलास. मग कशाला सांगू?"

ताईंनी बाबांच्या छातीवर हात ठेवला, घड्याळ उचललं आणि पुन्हा एकपासून मोजायला लागल्या.